प्रतिनिधि कोणाचा? : डॉ. आंबेडकरांच्या पुण्यांतील एका व्याख्यानासंबंधीं

राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनीं एकत्र जमावें आणि आपले निबंध एकमेकांपुढें वाचावे, असा परिषदांचा प्रघात हल्लीं आपल्याकडील विद्यापीठांतून चांगलाच रुजला आहे. आधीं विषय जाहीर होतो, मग गोषवारा मागविला जातो, आणि निवड झालेल्या उमेदवारास आपलें म्हणणें मांडावयास पंधरा-वीस मिनिटें मिळतात. प्रघात चांगला आहे. प्रबंध लिहिणारा मनुष्य वर्षानुवर्षें कोठडींत बसल्यासारखा एकटा असतो. त्याच्या विधानावर त्याच्याच वयाच्या कोणी उभें राहून आक्षेप घ्यावा, ही गोष्ट मार्गदर्शकाच्या दहा शेऱ्यांहून अधिक उपयोगाची. अशा विद्यार्थिसभांतील निबंध अल्पजीवी असतात, असेंहि समजण्याचें कारण नाहीं. ९ मे १९१६ रोजीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत प्रा. गोल्डनवायझर ह्यांच्या चर्चासत्रांत पंचवीस वर्षांच्या एका महाराष्ट्रीय विद्यार्थ्यानें हिंदुस्थानांतील जातींवर निबंध वाचला. तो निबंध आज शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं तरी वाचला जातो. त्या विद्यार्थ्याचें नांव भीमराव रामजी आंबेडकर.

ज्या घरांतील मुलगा किंवा मुलगी असा निबंध वाचावयास परगांवीं निघते, त्या घरांतील वडील माणसांस ‘राजकीय सिद्धान्त आणि जागतिक शासनव्यवस्था’ असें विषयाचें नांव ऐकून थोडें बावचळल्यासारखें होतें. जगाला सरकार नाहीं; मग त्याची शासनव्यवस्था कसली? हा प्रश्न भाबडा नाहीं. जगाला एक सरकार नसलें तरी जगाचा कारभार चालतच असतो. व्यापाराचे नियम ठरतात, कर्जाच्या अटी ठरतात, कोणत्या युद्धाला आक्रमण म्हणावयाचें आणि कोणत्याकडे डोळेझांक करावयाची हेंहि कोठें तरी ठरतें. तें जेथें ठरतें तेथें आपल्या वतीनें कोण बसतो, त्याला कोणी पाठविलें, आणि त्यानें आपल्याविरुद्ध मत दिलें तर त्याला जाब कोणीं विचारावयाचा, ह्या प्रश्नांत त्या भारदस्त नांवाच्या विषयाचा बराचसा गाभा येऊन जातो. आमची तक्रार एवढीच कीं, हे प्रश्न हाताळतांना आमचे तरुण अभ्यासक रॉल्स, पोगे, हेल्ड ह्यांचीं नांवें ज्या सहजतेनें घेतात, त्या सहजतेनें त्यांना पुण्यांतच झालेलें एक व्याख्यान आठवत नाहीं. प्रस्तुत लेखांत त्या व्याख्यानाचा परामर्श घेण्याचा आमचा विचार आहे.

तें व्याख्यान म्हणजे डॉ. आंबेडकरांचें ‘फेडरेशन व्हर्सस फ्रीडम’, म्हणजे संघराज्य विरुद्ध स्वातंत्र्य. २९ जानेवारी १९३९ रोजीं पुण्याच्या गोखले हॉलमध्यें तें झालें. साताऱ्याचे रावबहादूर आर. आर. काळे ह्यांच्या देणगींतून १९३० सालीं गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्था निघाली. तिच्या संस्थापकदिनीं राज्यशास्त्राच्या किंवा अर्थशास्त्राच्या एखाद्या अभ्यासकास बोलवावयाचें, अशी प्रथा होती. त्या वर्षीं प्रा. धनंजयराव गाडगीळ ह्यांनीं डॉ. आंबेडकरांस पाचारण केलें. येरवड्याचा करार होऊन सहा वर्षें झालीं होतीं, आणि हें शहर व हा वक्ता ह्यांचे संबंध मुळींच सरळ नव्हते. त्या मानानें हें आमंत्रण निमंत्रकांस व निमंत्रितांस सारखेंच शोभादायक आहे. दोन तास बोलूनहि तयार केलेलें सर्व भाषण वाचून होईना, तेव्हां संघराज्याच्या रचनेचें वर्णन करणारा सबंध भाग व टीकेचाहि कांहीं अंश वक्त्यानें त्या दिवशीं गाळला. पुढें मार्च १९३९ ची प्रस्तावना जोडून संपूर्ण भाषण पुस्तिकारूपानें निघालें. महाराष्ट्र शासनानें १९७९ सालीं प्रसिद्ध केलेल्या डॉ. आंबेडकरांच्या समग्र लेखनाच्या पहिल्याच खंडांत तें सर्वांस उपलब्ध आहे.

विषय त्या वेळीं परीक्षेंतला नव्हता. तो टांगत्या तरवारीसारखा डोक्यावर होता. १९३५ च्या कायद्यांतील प्रांतिक स्वायत्ततेचा भाग १ एप्रिल १९३७ पासून सुरू झाला होता. मध्यवर्ती संघराज्याचा भाग मात्र संस्थानिकांच्या होकारावर अडून राहिला होता. वरिष्ठ सभागृहांतील निदान ५२ जागांचे हक्कदार असलेले आणि संस्थानी लोकसंख्येपैकीं निदान निम्म्या लोकांवर राज्य करणारे संस्थानिक सामील झाले, म्हणजे संघराज्य अस्तित्वांत यावयाचें. त्यासाठीं व्हाइसरॉय लिन्लिथगो ह्यांच्या संस्थानिकांशीं वाटाघाटी चालू होत्या. ‘ही एकी घ्यावी कीं नाकारावी?’ असा रोखठोक प्रश्न देशापुढें होता, आणि डॉ. आंबेडकरांचें उत्तर ‘नाकारावी’ असें होतें.

योजनेचे आंकडे पाहिल्यावांचून त्या उत्तराचें मर्म कळावयाचें नाहीं. कनिष्ठ सभागृहांत ३७५ जागा होत्या. पैकीं २५० ब्रिटिश हिंदुस्थानच्या व १२५ संस्थानांच्या. वरिष्ठ सभागृहांत २६० जागा. पैकीं १५६ ब्रिटिश हिंदुस्थानच्या व १०४ संस्थानांच्या. संस्थानी प्रजा सबंध देशाच्या सुमारें एकचतुर्थांश. तिच्या नांवानें एका सभागृहांत तिसरा हिस्सा व दुसऱ्यांत पांचांपैकीं दोन हिस्से राखून ठेवलेले. परंतु जागांचें प्रमाण ही ह्यांतली लहान बाब. ब्रिटिश हिंदुस्थानच्या बहुतेक सर्व जागा कोणत्या ना कोणत्या निवडणुकीनें भरावयाच्या होत्या. संस्थानांच्या जागा संस्थानिकानें आपल्या मर्जीनें नेमलेल्या इसमांनीं भरावयाच्या होत्या. म्हणजे ज्या प्रजेच्या डोक्यांची मोजदाद करून जागा मिळवावयाच्या, तिला तोंड उघडण्याचा अधिकार नाहीं. तिचीं डोकीं मोजावयाचीं आणि तोंड मात्र राजानें वापरावयाचें, असा हा अपूर्व हिशेब होता.

ह्या योजनेच्या बाजूनें तीन फायदे सांगितले जात. एक, तिनें ब्रिटिश हिंदुस्थान व संस्थानें एका घटनेखालीं येतील. दुसरा, लोकशाहीच्या सहवासानें संस्थानांतील एकतंत्री कारभार हळूहळू पालटेल. तिसरा, मध्यवर्ती सरकारांत जबाबदार राज्यपद्धति येईल. डॉ. आंबेडकर हे तिन्ही फायदे एकामागून एक तपासतात, आणि आमच्या मतें व्याख्यानांतील उत्तम भाग तो हाच.

पहिल्या फायद्यासंबंधीं ते विचारतात, एकी म्हणजे काय? एका नकाशाला एक रंग देणें ही एकी नव्हे. पांचशेंहून अधिक संस्थानें. त्यांतलीं जीं खुषीनें येतील तींच यावयाचीं, आणि येतील तींहि निरनिराळ्या सामीलनाम्यांवर सह्या करून. एकाच्या सामीलनाम्यांत संघराज्यास जो अधिकार मिळेल तो दुसऱ्याच्यांत मिळेलच असें नाहीं. शिवाय समान नागरिकत्व नाहीं. संस्थानी मनुष्य आपल्या राजाचा प्रजाजन तो प्रजाजनच राहणार. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांशीं तुलना करून हा भेद ते अशा रीतीनें उघडा करतात कीं, ‘संघराज्य’ हा शब्द दोन्ही ठिकाणीं एकाच अर्थानें कसा वापरला गेला ह्याचें वाचकास नवल वाटावें.

दुसऱ्या फायद्याचें खंडन तर अधिकच तिखट आहे. लोकशाहीनें एकतंत्रावर छाप पाडावी, ही अपेक्षा; परंतु मार्ग कोणता? संस्थानच्या अंतर्गत कारभारांत डोकावण्याचा अधिकार संघराज्याच्या कायदेमंडळास नाहीं. उलट ब्रिटिश हिंदुस्थानापुरत्या प्रश्नांवरहि संस्थानिकांचे नेमलेले इसम मत देऊं शकणार. तेव्हां छाप पडावयाची ती एकाच दिशेनें. एका वाड्याला दार ठेवावयाचें आणि दुसऱ्याला ठेवावयाचें नाहीं, अशी ही शेजारधर्माची कल्पना! आणि तिसऱ्या फायद्याची वाट तर कायद्यानेंच लावलेली होती : संरक्षण व परराष्ट्रसंबंध हीं खातीं गव्हर्नर-जनरलच्या हातीं राखून ठेवलेलीं, मग जबाबदारी उरते कसली?

व्याख्यानाच्या गुणदोषांविषयीं दोन शब्द येथेंच लिहितों. हें डॉ. आंबेडकरांच्या पुण्यांतील दुसऱ्या प्रसिद्ध व्याख्यानासारखें नाहीं. १८ जानेवारी १९४३ रोजीं रानडे ह्यांच्या जयंतीस डेक्कन सभेच्या वतीनें त्यांनीं ‘रानडे, गांधी आणि जिना’ ह्या विषयावर जें भाषण केलें, त्यांत वक्तृत्वाचा ओघ आहे, व्यक्तिचित्रें आहेत, टोमणे आहेत. तें वाचावयास घेतलें कीं खालीं ठेववत नाहीं. ‘फेडरेशन व्हर्सस फ्रीडम’ हें प्रथम वाचनांत रुक्ष वाटतें. कलमांमागून कलमें, परिशिष्टांमागून परिशिष्टें. पुष्कळ पानें अशीं कीं वाचक एखाद्या बॅरिस्टरच्या कचेरींत येऊन बसला आहे असा त्यास भास व्हावा. परंतु ही रुक्षता आळसाची नव्हे. मोठ्या शब्दांवर त्यांचा विश्वास नाहीं. ‘एकी’, ‘सहकार्य’, ‘राष्ट्र’ असा शब्द आला कीं ते लागलीच कोणत्या कलमांत, कोणाच्या सहीनें, असें विचारतात. राजकीय सिद्धान्ताच्या विद्यार्थ्यानें त्यांच्याकडून घ्यावयासारखी संवय कोणती असेल तर ही.

ज्या गोखल्यांच्या नांवाच्या संस्थेनें हें व्याख्यान करविलें, त्यांच्याशीं येथें सहजच तुलना सुचते. जुलै १९११ मध्यें लंडन येथें जगांतील सर्व मानववंशांची परिषद भरली होती, आणि तिच्यासाठीं गोखल्यांनीं ‘ईस्ट अँड वेस्ट इन इंडिया’ हा निबंध लिहिला होता. जगांतील लोकसमूहांनीं एकमेकांशीं कसें वागावें ह्याची चर्चा तेव्हांपासून आपल्याकडे आहे. गोखल्यांची भाषा परस्परांविषयींच्या आदराची व विश्वासाची. आंबेडकरांची भाषा जागांची, मतांची व सह्यांची. पहिली खोटी असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु पहिल्या महायुद्धानंतर जें घडलें तें पाहतां दुसरीची गरज अधिक पटते.

तें असें. १९१९ च्या व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानच्या वतीनें सह्या केल्या त्या भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह ह्यांनीं. त्या सह्यांच्या जोरावर हिंदुस्थान राष्ट्रसंघाचा मूळ सभासद झाला. स्वराज्य नसलेला देश स्वतंत्र राष्ट्रांच्या पंक्तीला जाऊन बसला. १९२० सालीं जिनीव्हाच्या पहिल्या अधिवेशनास हिंदुस्थानतर्फे गेले ते सर विल्यम मेयर, सर अली इमाम आणि नवानगरचे जामसाहेब रणजितसिंहजी. क्रिकेटच्या मैदानावर जामसाहेबांना जगांत तोड नव्हती, ही गोष्ट निराळी. पुढील वर्षीं भारत सेवक समाजाचे अध्यक्ष श्रीनिवास शास्त्री गेले. त्यांची योग्यता कोणी नाकारणार नाहीं. पण योग्यता हा येथें मुद्दाच नव्हता. शास्त्री असोत कीं जामसाहेब असोत, त्यांना पाठविणारा हात एकच होता, आणि तो हिंदी जनतेचा नव्हता. हिंदी शिष्टमंडळाचें पुढारीपण हिंदी माणसाकडे, सर महंमद हबीबुल्ला ह्यांच्याकडे, यावयास १९२९ साल उजाडावें लागलें. १९३७ सालीं आगाखान राष्ट्रसंघाच्या अधिवेशनाचे अध्यक्षच झाले! ज्या देशाचा मनुष्य जगाच्या सभेचा अध्यक्ष, त्या देशास आपल्या लष्करावर खर्च किती करावा हें ठरविण्याचा अधिकार नाहीं. १९३९ मध्यें आंबेडकरांनीं संस्थानिकांच्या नेमलेल्या प्रतिनिधींविषयीं जो प्रश्न विचारला, तोच जिनीव्हांतील हिंदी प्रतिनिधींविषयीं अक्षरशः लागू पडतो. १९४५ सालीं सॅन फ्रान्सिस्कोस संयुक्त राष्ट्रसंघाची सनद तयार झाली तेव्हांहि सर रामस्वामी मुदलियार प्रभृति सरकारनियुक्त मंडळी आंत होती, आणि विजयालक्ष्मी पंडित बाहेर राहून हिंदी स्वातंत्र्याची बाजू मांडीत होत्या.

आतां परिषदांतून वारंवार ऐकूं येणाऱ्या एका ग्रंथाकडे वळूं. जॉन रॉल्स ह्यांचें ‘द लॉ ऑफ पीपल्स’ १९९९ सालीं निघालें. त्यांत त्यांनीं असें प्रतिपादन केलें आहे कीं, जगांतील न्याय्य समाजव्यवस्थेंत लोकशाही राष्ट्रांनीं केवळ लोकशाही राष्ट्रांशींच बरोबरीनें वागावें असें नव्हे. लोकशाही नसलेले परंतु सभ्य असे कांहीं समाज असूं शकतात, आणि त्यांनाहि बरोबरीचें स्थान द्यावें. अट एवढीच कीं त्यांनीं आक्रमण करूं नये, माणसांचे मूलभूत हक्क पाळावे, आणि निरनिराळ्या वर्गांशीं सल्लामसलत करण्याची कांहीं व्यवस्था ठेवावी. अशा समाजाचा नमुना म्हणून काझानिस्तान नांवाचा एक देश रॉल्स कल्पनेनें उभा करतात. आम्हांस नेहमीं असें वाटत आलें आहे कीं, महाराष्ट्रांतील विद्यार्थ्यास कल्पनेच्या देशाची गरज नाहीं. त्याच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीनें असे देश पाहिलेले होते. कांहींजण त्यांत राहतहि होते. सांगली, मिरज, जमखिंडी, फलटण, भोर, औंध हीं संस्थानें पुण्याच्या आसपासच होतीं.

त्यांतलें औंध घेऊं. ज्या जानेवारींत आंबेडकर गोखले हॉलमध्यें बोलले, त्याच जानेवारींत सातारच्या बाजूच्या ह्या बहात्तर गांवांच्या संस्थानांत स्वराज्याची घटना मंजूर झाली. राजे श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधि, जे घरोघर सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते म्हणून माहीत आहेत, त्यांनीं आपण होऊन आपला अधिकार प्रजेच्या स्वाधीन करावयाचें ठरविलें. युवराज आप्पासाहेब पंत व मॉरिस फ्रीडमन ह्यांनीं खटपट केली, गांधीजींनीं सल्ला दिला, आणि ग्रामपंचायतीच्या पायावर कारभाराची उभारणी झाली. ज्या घराण्याचें पदच पिढ्यान्‌पिढ्या ‘प्रतिनिधि’ असें होतें, त्यानें अखेर प्रजेला तिचे प्रतिनिधि निवडावयास सांगितलें, हा योगायोग मोठा गोड आहे. रॉल्सच्या कसोटीला औंध नुसतें उतरलें नसतें, पुढें गेलें असतें.

मग आंबेडकरांचा आक्षेप औंधापुढें लंगडा पडतो काय? वरवर पाहतां पडतो. संस्थानिक म्हणजे एकतंत्री, हें समीकरण औंधानें खोटें पाडलें. परंतु कायदा उघडून पाहावा. औंधनें आपल्या प्रजेला कांहींहि दिलें, तरी संघराज्यांत पाठवावयाचा माणूस १९३५ च्या कायद्याप्रमाणें संस्थानिकानेंच नेमावयाचा होता. राजा भला असेल तर तो प्रजेनें सुचविलेला माणूस पाठवील. राजा बदलला कीं सुचविण्याचा हक्क राहील कीं जाईल हें त्या राजाच्या मनावर. जो हक्क दुसऱ्याच्या चांगुलपणावर जगतो तो हक्क नव्हे, ती मेहेरबानी. आणि आंबेडकरांचा आक्षेप संस्थानिक वाईट आहेत असा नसून, त्यांच्या चांगुलपणावर विसंबावें लागतें असा होता. औंधनें त्यांचें म्हणणें खोटें पाडलें नाहीं. तें अधिक नेमकें केलें.

रॉल्सशीं ही तुलना कोठपर्यंत न्यावयाची, ह्याला मात्र मर्यादा आहे, आणि घाईनें निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यानें ती विसरूं नये. रॉल्सच्या कल्पनेंतील राष्ट्रसमाज सैल आहे. एकमेकांस त्रास न देणें व अडचणींत साह्य करणें, येथपर्यंतच त्याची धांव. तो एकमेकांसाठीं कायदे करीत नाहीं. आंबेडकरांपुढें होतें तें कायदे करणारें व कर बसविणारें मंडळ होतें. शेजाऱ्याच्या घरांत कर्ता पुरुष इतरांचें ऐकत नाहीं म्हणून कोणी त्याच्याशीं बोलणें टाकीत नाहीं. पण त्याच कर्त्या पुरुषाला आपल्या घरखर्चाचे निर्णय करावयास बसविणें ही वेगळी गोष्ट. आजच्या जगाची स्थिति ह्या दोहोंच्या मधली आहे, आणि ती दिवसेंदिवस दुसऱ्या टोंकाकडे सरकते आहे, असें आम्हांस वाटतें. कर्जाच्या अटींमुळें एखाद्या देशांत धान्याचा भाव बदलतो. तेव्हां रॉल्सच्या प्रश्नापेक्षां आंबेडकरांचाच प्रश्न आज अधिक जवळचा आहे.

व्याख्यानांतील आणखी एक युक्तिवाद असा आहे कीं, त्याची किंमत १९३९ पेक्षां आज अधिक कळते. पुष्कळ नेमस्त मंडळी त्या वेळीं म्हणत : योजना सदोष आहे हें मान्य, पण ती आधीं पदरांत पाडून घ्यावी, पुढें दुरुस्त्या होतील आणि वसाहतीचें स्वराज्य त्यांतूनच वाढेल. आंबेडकरांनीं कायद्याचें दुसरें परिशिष्ट काढून दाखविलें. कोणत्या तरतुदींत फेरफार केला असतां संस्थानच्या सामीलनाम्यास बाध येत नाहीं, ह्याची यादी त्यांत होती; आणि संरक्षण व परराष्ट्रसंबंध ह्यांबाबतचा गव्हर्नर-जनरलचा अधिकार त्या यादींत नव्हता. म्हणजे त्या अधिकारास हात लावावयाचा तर संस्थानिकांचा होकार पाहिजे, नाहीं तर सामीलनामाच धोक्यांत येतो. जें बदलावयाचें तें बदलण्याची किल्ली, न बदलण्यांत ज्यांचें हित आहे त्यांच्याच हातांत. बीं लावल्यावर झाड वाढेल हें खरें, पण हें बीं नव्हे, दगड आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा इत्यर्थ.

आतां संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेचें १०८ वें कलम पाहावें. सनदेंत दुरुस्ती करावयाची तर दोनतृतीयांश सभासदराष्ट्रांची संमति हवी, आणि तींत सुरक्षामंडळाचे पांचहि कायम सभासद असले पाहिजेत. म्हणजे नकाराधिकार काढून टाकावयाचा झाला तरी त्यावर नकाराधिकार चालतो! १९६५ सालीं मंडळाच्या जागा अकरांवरून पंधरा झाल्या, परंतु वाढल्या त्या सर्व मुदतीच्या जागा. कायमच्या पांच तशाच राहिल्या. आंतरराष्ट्रीय नाणेनिधींतहि मोठ्या फेरफारांस ८५ टक्के मतें लागतात, आणि एकट्या अमेरिकेकडे सोळा टक्क्यांहून थोडीं अधिक आहेत. अशा संस्थांत शिरून त्या आंतून सुधारतां येतील असें म्हणणारे व येणार नाहींत असें म्हणणारे, असे दोन पक्ष आजहि आहेत. त्या वादाला तात्त्विक बैठक हवी असेल तर ती मिळविण्यासाठीं समुद्र ओलांडण्याचें कारण नाहीं.

हें सर्व म्हणतांना व्याख्यानांतील उणीव झांकणें योग्य होणार नाहीं. त्याचें बळ खंडनांत आहे, मंडनांत नाहीं. संस्थानांवांचून संघराज्य, हा पर्याय एका स्वतंत्र भागांत मांडलेला आहे; परंतु संस्थानांना बाहेर ठेवल्यावर तेथील कोट्यवधि प्रजेचें काय, ह्याचें समाधान होईल असें उत्तर आम्हांस त्यांत आढळलें नाहीं. ब्रिटिश हिंदुस्थानाचें स्वातंत्र्य राखण्यासाठीं संस्थानी प्रजेला दाराबाहेर ठेवावयाचें, असा अर्थ वाचकाच्या मनांत येतो, आणि ज्याचें सबंध आयुष्य दाराबाहेर ठेवलेल्यांसाठीं झगडण्यांत गेलें त्याच्या लेखणीखालून तो अर्थ निघावा हें चमत्कारिक वाटतें. दुसरें असें कीं, संस्थानिक हा एक अढळ खडक आहे असें गृहीत धरूनच सारें गणित मांडलें आहे. प्रत्यक्षांत तो खडक दहा वर्षेंहि टिकला नाहीं. सप्टेंबर १९३९ मध्यें महायुद्ध सुरू झालें आणि संघराज्याची योजना गुंडाळून ठेवण्यांत आली. १९४७ नंतर दोन-तीन वर्षांत संस्थानें सामील झालीं व विरूनहि गेलीं. दक्षिणी संस्थानें १९४८ च्या मार्चमध्यें मुंबई प्रांतांत विलीन झालीं. औंधचाहि प्रयोग त्यांतच संपला. सामीलनाम्यांच्या ज्या गांठी कायद्यानें सुटणाऱ्या नव्हत्या, त्या सत्तेच्या एका झटक्यानें तुटल्या. वकील कितीहि मोठा असला तरी त्याच्या युक्तिवादांत क्रांतीसाठीं जागा ठेवलेली नसते.

तरीहि एक गोष्ट येथें नोंदविली पाहिजे. ज्यानें १९३९ सालीं राजानें नेमलेल्या प्रतिनिधीस विरोध केला, त्याच्याच अध्यक्षतेखालील मसुदा-समितीच्या घटनेनें १९५० सालीं जुन्या संस्थानी प्रजेला व प्रांतांतील प्रजेला एकाच मतदारयादींत आणून बसविलें. व्याख्यानांत जें उत्तर आम्हांस सांपडलें नाहीं, तें तेथें आहे. प्रौढ मताधिकार, एक नागरिकत्व, आणि वेगळाले सामीलनामे नाहींत; १९३९ च्या एकेका आक्षेपासमोर १९५० चें एकेक कलम ठेवून पाहणें हा एका चांगल्या प्रबंधाचा विषय होईल. दुसरा विषय १९३५ च्या कायद्याचें दुसरें परिशिष्ट आणि सनदेचें १०८ वें कलम ह्यांच्या तुलनेचा. हे दोन विषय कोणा होतकरू विद्यार्थ्यानें घ्यावे अशी आमची इच्छा आहे, आणि शक्य तर निबंध मराठींत लिहावा. सामीलनामा, मेहेरबानी, मुखत्यारी हे शब्द आपल्या भाषेंत कोर्टकचेऱ्यांतून इतके मुरलेले आहेत कीं परिभाषेसाठीं अडण्याचें कारण पडणार नाहीं. वाचनाची सुरुवात मात्र संघराज्याच्या रचनेच्या त्या भागापासून करावी, जो गोखले हॉलमधील श्रोत्यांना वेळेअभावीं ऐकावयास मिळाला नाहीं. तो सर्वांत कंटाळवाणा आहे, आणि पुढचें सगळें त्यावर उभें आहे.